आमच्या गावात कोणी नाही

ता. ८ नोव्हेंबर १९३७, सोमवार

तालुका बोर्डाच्या सभेहून आत्ताच आले. अंगाचा तिळपापड होतोय, म्हणून आधी वही, मग चूल.

विषय दवाखान्याच्या डॉक्टरांनी आणलेला. दवाखान्याशेजारच्या मोकळ्या जागेत चार खोल्या, मधे अंगण, एक दाई, एक रखवालदार. वेड लागलेली, फेफऱ्याची, जन्माची मुकी-पांगळी माणसं तिथे ठेवायची, औषध द्यायचं, काही शिकवता आलं तर शिकवायचं, बरं वाटलं की घरी. कोंडायचं नाही, बांधायचं नाही. डॉक्टर पुण्याकडचे, वयानं लहान. नकाशा स्वतः काढला होता, अंगणात एक लिंबाचं झाड पण काढलेलं.

अध्यक्षांनी नकाशा उलटा धरून पाहिला. म्हणाले, "डॉक्टर, या खोल्यांत ठेवायचं कोणाला?" सगळे हसले. मग एकेकजण सुरू. "आमना गावमा असं कोनी नही." "आमना बी नही." तापीकाठ सगळा शहाण्यांचा.

मी आपली दाराजवळच्या खुर्चीत, डोक्यावर पदर. एक बाई पाहिजे म्हणून सरकारनं नेमलेली. त्या नाही म्हणणाऱ्यांतल्या दोघांच्या घरचं मला पक्कं ठाऊक आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

पण मी तरी कुठे बोलले? आनंदाभाऊ माझ्याच घरात.

ठरलं ते असं. पाटलांकडून गावोगावची माहिती मागवायची. सारंगखेड्याच्या यात्रेला धुळ्याहून सिव्हिल सर्जन साहेब येतात, पटकीच्या बंदोबस्तासाठी, तेव्हा त्यांनी काठावरच्या गावांत फिरून खात्री करायची. साहेब हो म्हणाले तर खोल्या. नाहीतर ती जागा कोंडवाड्याला. गुरांचा कोंडवाडा म्हणे फार गरजेचा आहे.

ता. १२

आनंदाभाऊ आज शांत. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलल्या, नंतर सगळी टरफलं पुन्हा ओळीत मांडली.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर माझ्या पदराला धरून फिरायचा. मोठा झाला, नांगर धरला. हे गेल्यावर दोन वर्षं शेतीही त्यानंच पाहिली. मग एका पावसाळ्यात तापीत छातीपर्यंत चालत गेला. भाऊ बोलावतो म्हणे नदीतून. कोळ्यांनी ओढून काढला. तेव्हापासून गोठ्यामागच्या खोलीत. पायात साखळी घातली ती नानांनी (आमचे चुलत सासरे, घरचा सगळा व्यवहार त्यांच्याच हातात). दिवसा मी ती काढते. नानांना माहीत आहे, बोलत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे मॅजिस्ट्रेटचा हुकूम, बरोबर पोलीस, आणि आगगाडीनं कुठल्या कुठे लांबच्या मोठ्या इस्पितळात. नाना तयार होते. मीच अडून बसले. तिथे याची अहिराणी कोणाला कळणार? वहिनी म्हणून हाक कोणाला मारणार?

डॉक्टरांच्या चार खोल्या बैलगाडीच्या वाटेवर आहेत. मला त्या पाहिजेत. सरळ लिहून ठेवते, पाहिजेतच.

ता. १९

नाना सकाळीच आले. लोणखेड्याचं घर माझ्या लेकीसाठी, शांतासाठी जमतंय. बागायत आहे, मुलगा सातवी पास, सासू नाही. मी ऐकत होते, मान वर न करता. कारण पुढचं वाक्य मला माहीत होतं.

"पाव्हणा घर देखाले येतीन. आनंदाले तुन्हा माहेरले धाडी दे चार दिन."

आमच्याकडे हे असंच चालतं. घर पाहायला पाहुणे येणार म्हटलं की घरातलं खुळं माणूस गाडीत घालून दुसऱ्या गावी, बहिणीकडे, मामाकडे. पाहुणे गोठा बघतात, विहीर बघतात, पोरीच्या हाताचा स्वयंपाक जेवतात, जातात. मग गाडी परत. दोन वर्षांमागं माझ्या भावाची मुकी पोर आमच्याकडे आठ दिवस होती, तिच्या बहिणीची सोयरीक जुळेपर्यंत. मीच ठेवली. नेलं कोणी, ठेवलं कोणी, विचारायचं नाही. ज्या घरात एक असं निघालं त्या घरची पोरगी कोणी करत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शांता चुलीपाशी होती. ऐकलं असेल.

ता. २९

पाटलांकडून उत्तरं आली. प्रत्येक गावाचं: निरंक. निरंक. निरंक.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "बाई, असं कसं होईल? एवढ्या मोठ्या तालुक्यात एकही नाही?"

म्हटलं, "चौकशी होणार हे गावात कळवलं कसं?"

"रीतसर. दोन दिवस आधी कोतवालाकरवी दवंडी दिली."

कपाळावर हात मारावा की काय. दवंडी. हुशार माणूस, पण आमच्याकडच्या गाड्या दवंडी विरायच्या आत जुंपल्या जातात. या गावचं त्या गावात, त्या गावचं या गावात, आणि पाटील आपले शपथेवर सांगतात, आमच्या गावातला कोणी नाही. खोटं कोणीच बोललं नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक?

ता. ४ डिसेंबर

कापूस वेचणीला बायका आहेत, तेवढं निमित्त. शेतात, घाटावर, दळणाशी, जिथे बायका भेटतील तिथे बोलतेय. चार खोल्यांचं सांगते. दाई असेल, तुम्ही येऊन भेटू शकाल, भाकरी नेऊ शकाल. सगळ्या ऐकतात. कोणी हो म्हणत नाही, पण उठूनही जात नाही.

आज राधा मागे थांबली. पलीकडच्या गावची, नवरा दुसऱ्याच्या शेतात सालदार. पोरीला घेऊन आली, अकरा-बारा वर्षांची. फेफऱ्यात चुलीत पडलेली, एका गालाची कातडी ओढलेली.

"आक्का, तुमी कोनले सांगशात नही ना?"

"नही."

"आन ल्या."

घेतली. शांताची आण घेतली. तिच्याशिवाय माझ्याजवळ आहे काय दुसरं.

ता. ११

हुकूम आला. साहेब मंगळवारी, २१ तारखेला, आमच्या बाजूची गावं पाहणार.

आणि लोणखेड्याचे पाहुणेही त्याच दिवशी येणार. नानांनी मुद्दाम जुळवलंय. "साहेबनी मोटर आपला दारसे उभी ऱ्हाई, पाव्हणासले दिसू दे. बोर्डनी मेंबर शे तू." मी म्हटलं, साहेब कशासाठी येतायत ठाऊक आहे ना? म्हणाले, "तेच ते. साहेबच सांगी जाई का कोनी नही."

नाना वाईट नाहीत. शांतावर जीव आहे त्यांचा. गोठ्यामागची खोली आतापासून सारवून घेतलीय, भुईमुगाची पोती रचायची आहेत तिथे. साखळी कुठे ठेवली विचारलं, तर म्हणाले, विहिरीत टाकली.

ता. १७

दत्तजयंती. सारंगखेड्याला घोड्यांची ही गर्दी, धूळ आमच्यापर्यंत. मी गेले नाही.

भावाचा निरोप आला: आनंदाला पाठवू नका, साहेब आमच्याही गावी येणार आहेत, आमचीच पोर कुठे ठेवावी कळत नाही. बरोबरच आहे. आजवर एक गाव सुरक्षित असायचं, आता सगळ्याच गावांत एका दिवशी मोटर. इकडे आड तिकडे विहीर.

आनंदाभाऊला मळ्यात ठेवायचं ठरलं. ओढ्यापलीकडे, कापसाची खोली आहे तिथे.

ता. १९, रविवार

काय चाललंय हे.

सकाळी राधा आली, पोरीला घेऊन. "दोन दिन ऱ्हाऊ द्या. तुमी बोर्डमा शेतस, तुमना मळामा साहेब कसाले येई?" दुपारी भावाची गाडी, मुकी पोर. मग वरच्या गावचा म्हातारा, ज्याला माणसंच ओळखू येत नाहीत. मग आणखी एक गाडी, तिच्यात दोघं. मी फक्त बायकांना धीर दिला होता, आणि बायकांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. आता मळ्यात आनंदाभाऊ धरून सातजण.

शेवटची गाडी छपराची, पडदा लावलेली. आत एक म्हातारी, स्वच्छ लुगडं, हातात बाहुलीसारखं धरलेलं फडकं. गाडीवान खाली मान घालून म्हणाला, अध्यक्षांची मावशी. त्यांना हिनंच वाढवलं.

ज्यांनी नकाशा उलटा धरला होता, ते.

प्रत्येकानं आण मागितली. प्रत्येकाला दिली.

ता. २०

सगळ्यांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, उडदाची दाळ. शांतानं केलं सगळं. म्हाताऱ्याला घास भरवला, फेफऱ्याच्या पोरीची वेणी घातली. मावशी मला सारखी "सून आली का?" विचारते. आली म्हणते मी दर वेळी. दर वेळी तिला आनंद होतो.

डॉक्टर येऊन गेले. उंबऱ्यापाशीच उभे. "बाई, उद्या साहेबांना दाखवू तरी काय? एक माणूस नाही माझ्याजवळ. कोंडवाडा होणार तिथे." डोळ्यांत पाणी होतं की धुळीनं लाल झाले होते, सांगता येत नाही. ओढ्यापलीकडे हात केला असता तर खोल्या आजच उभ्या राहिल्या असत्या. मी म्हटलं, चहा घेता का.

लाज वाटली. फार वाटली. पण एका आईनं पोरीचं तोंड झाकून आणून माझ्या हवाली केलं, तिची मूठ मी उघडू? आणि आण कोणाची, तर शांताची.

भांडी घासताना शांता म्हणाली, "माय, मी लोणखेडाले गऊ आनि उद्या माले काही व्हयनं, ते माले बी मळामा ठेवतीन का?"

मी म्हटलं, असलं बोलू नये. दुसरं काय म्हणणार.

ता. २१, मंगळवार

सकाळ. मांड्यांचं पुरण शिजतंय. पाहुणे जेवायला, साहेब चारला. नानांनी नवा फेटा बांधलाय.

आनंदाभाऊनं मळ्यात आंघोळ करून घेतली, मुकाट. ह्यांचा जुना कोट घातला त्याला, थंडी आहे म्हणून. मला म्हणाला...

(हाक आली.)

ता. २२

काल काय झालं ते नीट लिहिते.

जेवणं छान झाली. लोणखेड्याचे आबा (मुलाचे वडील) मोजकं बोलणारे, त्यांच्याबरोबर त्यांचे भाऊ. गोठा पाहिला, विहीर पाहिली, पोत्यांची खोली पाहिली. आबांनी शांताला गणित विचारलं, तिनं बरोबर सांगितलं, ते हसले. नाना मला माजघरात येऊन हळूच म्हणाले, जमनं. त्यांचा आनंद बघवत नव्हता.

मग मोटर. साहेब, डॉक्टर, अध्यक्ष. ओसरीवर सगळे एकत्र बसले. मी दाराआड, हातात पेल्यांचं ताट. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, गावं झाली सगळी. तालुक्यात असा एकही इसम नाही." डॉक्टर जमिनीकडे बघत होते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

ते टोपण लावलेलं दिसलं आणि माझ्यानं राहवलं नाही. दुसऱ्यांचं बोलायला माझं तोंड बांधलेलं होतं. माझ्या घरचं कोणी बांधलं होतं? ताट खाली ठेवलं आणि बाहेर गेले.

"साहेब, एक आहे. माझा दीर."

नाना उठले. "गंगा, मझार जा."

आत गेले नाही. मळ्याकडे निघणार तर मागच्या दारानं शांता कधीच गेलेली. ओढ्याच्या वाटेनं ती आनंदाभाऊचा हात धरून येत होती, पाहुण्यांच्या समोरून, डोक्यावरचा पदर घसरलेला तसाच. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आनंदाभाऊ अंगणाच्या कडेला थबकला. एवढी माणसं पाहून माझ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, पाव्हणा गयात का? मी येऊ का मझार?"

मी ये म्हटलं. तो आला आणि नेहमीच्या जागी बसला, चार वर्षांपूर्वी बसायचा तिथे.

साहेबांनी त्याला बरंच विचारलं, डॉक्टरांनी अहिराणी समजून घेत घेत सांगितलं. साखळीचा पायावरचा वण पाहिला. मग साहेब मला म्हणाले, आणि आवाज चढवून नाही, साधेपणानंच, "बाई, एका माणसासाठी चार खोल्या बांधता येत नाहीत. आणखी असतील तर आणा. शुक्रवारी दुपारपर्यंत मी तालुक्याला डाक बंगल्यावर आहे. नंतर नाताळ."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. त्यांची मावशी हाकेच्या अंतरावर जेवून झोपलेली, हे मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. मी तोंड उघडलं नाही. त्यांनीही नाही. घाम मात्र पुसला, डिसेंबरात.

लोणखेड्याच्या आबांनी सुपारी हातात घेतली नाही. "निंघतस आमी," एवढंच. पायऱ्या उतरून एकदा वळले आणि शांताकडे पाहिलं. रागानं की कसं, मला कळलं नाही. तिनं नजर खाली केली नाही, आनंदाभाऊचा हात पण सोडला नाही.

नाना ओसरीवर बसूनच होते. त्यांचा फेटा मीच काढून ठेवला. "पोरनं वाटोयं करं तू," म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ता. २३

गाड्या आल्या, एकेक करून नेलं. भाऊ मुकीला घेऊन गेला, माझ्याशी डोळा भिडवला नाही. म्हाताऱ्याचा मुलगा पाया पडून गेला. कोणाचं नाव निघालं नाही हे सगळ्यांना कळलंय. माझ्या घरचं निघालं हे तर यात्रेतल्या घोड्यांनाही कळलं असेल.

राधा आली, पण पोरीला उचलेना. बांधावर बसून राहिली. मग म्हणाली, "आक्का, तुमी सोता सांगं. मंग मन्ही पोरले बी ली चाला. आन सोडी दिनी मी." नवऱ्याला विचारलंस का म्हटलं. म्हणाली, तो मारेल तेव्हा मारेल.

दोन झाले.

मावशीला न्यायला कोणी आलं नाही. गाडीवान नाही, निरोप नाही. मुद्दाम ठेवली, की लाजेनं इकडे येववत नाही, समजेना. अध्यक्षांनी आण सोडल्याशिवाय मी म्हातारीला गाडीत घालणार नाही. माणूस पाठवलाय विचारायला.

नाना जेवले नाहीत. शांताच्या हातचंही नाही. मी नीट केलं की नाही, कोण सांगेल मला? आनंदाभाऊसाठी केलं म्हणते, पण किंमत त्यानं थोडीच मोजायची. पोर सोळाची आहे. उद्या हीच म्हणाली, माय, तू माझं घर बसायच्या आधी मोडलंस, तर मी तोंड कुठे लपवू. अशी भीती मला यांच्या आजारातसुद्धा वाटली नव्हती.

ता. २४, शुक्रवार

अध्यक्षांचं उत्तर आलं. माणूस म्हणतो, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, मावशीला थंडी सोसत नाही, घोंगडी द्या बरोबर. बरोबर म्हणजे कुठे, हे बोलले नाहीत. मी दोनदा विचारलं त्याला. हेच शब्द होते म्हणाला.

घोंगडी दिली. मावशी गाडीत. राधाची पोर, राधा, आनंदाभाऊ गाडीत. तिघांसाठी तरी बांधतात का चार खोल्या, देव जाणे.

निघायच्या बेतात होते तर लोणखेड्याचा माणूस आला. आबांचा निरोप आहे, पण आधी नानांना सांगायचा, मग मला. नाना शेतावर गेलेत, बोलवायला पाठवलंय. माणूस ओसरीवर बसलाय. पाणी दिलं, चहा दिला. तोंडावरून काही ओळखू येईना. हो असेल तर गोड बोलला असता, नाही असेल तर आला कशाला असता. उंबऱ्यात उभी आहे तशीच हे खरडतेय. ऊन डोक्यावर यायला लागलं. नाना येईपर्यंत थांबले तर साहेब गेलेच.

शांता गाडीत चढून बसली सुद्धा, मावशीला टेकण देऊन. मी अजून त्या माणसाकडेच बघतेय असं पाहून तिथूनच म्हणाली,

"हाऊ मानूस बठी ऱ्हाई, माय. साहेब निंघी जाई."